तपासणीआधीचा चहा

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुडघे बदलून घ्यायचे होते. दोन्ही. ज्या बाईनं चाळीस वर्षं मोताळ्याच्या आठवडी बाजारात मेथी-वांग्यांचं दुकान लावलं, ती तीन वर्षं खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर एवढीच जात होती. बाजार बंद, शेत बंद, शेजारपाजार बंद. मग सगळं लक्ष माझ्यावर. भाजीत मीठ किती टाकलं, दूध उतू काऊन गेलं, कणीक इतकी सैल कशी, सगळ्याचा जाब खुर्चीतून. माझा जीव आहे त्यांच्यावर, पण हे नवे गुडघे तुमच्यापेक्षा मलाच जास्त पाहिजेत असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची.

बुलडाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहिले आणि लगेच हो म्हणाले. मग त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी पाहिली आणि थांबले. पट्टीत काहीतरी बारीक खोट होती. "हृदय एवढं ऑपरेशन सोसेल असं हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा," म्हणाले, "मग मी गुडघ्याला हात लावतो." ज्याचे पाय धड आहेत त्याला अशा वेळी फिरत्या पट्ट्यावर चालवतात आणि हृदय दमतं कसं ते पाहतात. आत्याबाईंना चालवणार कसं? "गुडघे पाह्यजेत तं आधी चालून दाखवा म्हन्तात," त्या म्हणाल्या. "चालता आलं असतं तं मी इथं झक माराले आली असती का?"

हृदयाच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. चालायचं नाही. झोपल्या जागी शिरेतून औषध द्यायचं, त्यानं हृदयाची परीक्षा होते. मग किंचित किरण सोडणारं द्रव्य टोचायचं आणि कॅमेऱ्याखाली हृदयाचे फोटो काढायचे. रक्त कुठं पोचतं आणि कुठं पोचत नाही ते त्यात दिसतं. ही तपासणी आपल्या जिल्ह्यात नव्हती, त्यासाठी संभाजीनगरला जायचं होतं. तिथल्या केंद्रानं एक कागद पाठवला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: तपासणीआधी चोवीस तास चहा, कॉफी, चॉकलेट, कोल्ड्रिंक बंद. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. आत्याबाईंचा दिवसाचा चहा पाच वेळचा, तोही बशीतून, आणि बशी रिकामी झाली की तिच्याकडे अशा पाहणार जसा बशीनंच तो पिऊन टाकला.

"चोवीस तास? मंग मी तपासणीपावतर जित्ती राहीन का?"

"राहाल," मी म्हटलं. "आजवर चहानं कोणाला जगवलेलं मी पाहिलं नाही."

"तुह्या तोंडाले कुलूप नाही बापा," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं आहे. माझं माहेर मेहकरकडचं, हिवरा आश्रमाच्या बाजूचं, आणि मी शाळेत शिकवते. बोलायचं ते बोलून टाकायचं आणि कागदावर लिहिलेलं पाळायचं, अशा दोन्ही सवयी मला आहेत. सासरी दोन्हींचा त्रास होतो, मला कमी आणि बाकीच्यांना जास्त.

आता एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. आमच्या भिंतीला भिंत लावून आत्याबाईंच्या सख्ख्या धाकट्या जावेचं घर आहे. मी त्यांना काकू म्हणते. या दोघी जावाजावांमध्ये नऊ वर्षं अबोला होता. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीच्या बिबड्या घालतात, पापडासारख्याच, पण जाड. बायका मिळून आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. त्या वर्षी काकूंच्या बिबड्या तळून पाहुण्यांपुढे ठेवल्या आणि आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "खार लय झाला वं, जीभ पोळली." काकू उठल्या, पदर खोचला आणि चालत्या झाल्या. त्या दिवसापासून या घरचं पाणी त्या घराला नाही आणि त्या घरचं या घराला नाही.

आमच्याकडे भांडण किती मोठं ते शिव्यांवरून ठरत नाही, चहापाणी तुटलं की नाही यावरून ठरतं. आणि मिटतं तेही कोणी माफी मागून नाही. एकीनं चहा आणायचा, दुसरीनं प्यायचा, विषय खतम. समोर आलेला चहा परत पाठवला, तर मात्र जन्माचं तुटलं. मग मयतीलाच तोंड पाहायचं.

तपासणी गुरुवारी सकाळी दहाला होती. बुधवारी उजाडल्यापासून मी चहापत्तीचा डबाच माळ्यावर टाकला. त्यांना नाही तर कोणालाच नाही. नवऱ्यानं चौकातल्या टपरीवर घेतला, ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. दुपारपर्यंत आत्याबाईंचं डोकं ठणकायला लागलं. त्यांनी कपाळाला फडकं बांधलं आणि दर तासाला किती वाजले ते विचारत राहिल्या, पण थेंब मागितला नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "लय शहाणी हाय तू," त्या म्हणाल्या, पण खूश झाल्या.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ओसरीवर कोणाची तरी चाहूल लागली म्हणून हात पिठाचे तसेच घेऊन दाराशी आले, तर काकू उभ्या. एका हातात किटली, दुसऱ्यात दोन कपबश्या. नऊ वर्षांत त्यांचं पाऊल आमच्या ओसरीवर पडलं नव्हतं.

"बाई," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "उद्या तुमच्या काळजाची तपासणी हाये म्हन्तात."

"हाव."

"भेव लागते का?"

"लागते," आत्याबाई म्हणाल्या. मला इतक्या दिवसांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

काकू खाली बसल्या, कप भरला, बशीत ओतला आणि बशी पुढं केली. आत्याबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी दारातून पुढं झालेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हणाल्या, गप राह्य. आणि प्याल्या. एक नाही, दोन बश्या. मग दोघी रडल्या, मग खार खरंच जास्त होता की नव्हता यावरून थोडं भांडल्या, मग हसल्या.

मी आत येऊन भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपली. मनाशी म्हटलं, दोन बश्यांनी काय होतंय. डॉक्टर लोक चोवीस तास म्हणतात तेव्हा बारा चालत असतील. शाळेत पोरांनी असली कारणं दिली तर मी त्यांना बाकावर उभं करते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. नवरा गाडी चालवत होता, आत्याबाई पुढं पाय लांब करून बसल्या होत्या, मी मागं. घाट चढून होईपर्यंत त्या काकूंबद्दलच बोलत होत्या. काकूंचे केस किती पांढरे झाले, त्यांचा पहिला नातू किती गोरा आहे, त्यांच्या चहात आलं किती नेमकं पडतं. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण चहाचं नाव निघाल्यावर मी बाहेर पाहायला लागले तेव्हा त्याला काहीतरी वास आला असावा.

केंद्रात एक तरुण मुलगी कागद भरत होती. नाव, वय, वजन, दमा आहे का, गोळ्या कोणत्या. मग विचारलं, "आजी, कालपासून चहा, कॉफी, काही घेतलं?"

"नाही. थेंब नाही."

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. मुलीनं कागदावर खूण केली आणि सुई लावायला हात पुढं केला. मी विचारलं, "समजा घेतला असता चहा, तर काय झालं असतं?"

"हे औषध हृदयाच्या नसा फुलवतं," ती म्हणाली. "चांगली नस फुलते, अडलेली फुलत नाही, म्हणून फोटोत फरक दिसतो. चहा अंगात असला की औषधाचा जोर लागत नाही. मग सगळं सारखंच दिसतं. फोटो चांगला येतो, पण खोटा येतो."

आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. कालचीच नजर, गप राह्य. मला त्यांचं सगळं कळत होतं. तपासणी मोडली तर गुडघ्याची तारीख जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे चहा कोणी पाजला हे गावभर होणार, काकूंच्या माथी खापर फुटणार, आणि नऊ वर्षांनी जुळलेलं एका रात्रीत तुटणार. हे सगळं कळत असूनही मी म्हटलं, "काल संध्याकाळी दोन बश्या चहा प्याल्या त्या."

मुलीनं हात मागं घेतला. आत डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, आज नाही होणार, सोमवारी या.

परतीच्या साडेतीन तासांत आत्याबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. घाटाच्या अलीकडे एकदाच म्हणाल्या, तेही नवऱ्याला, "तुह्या बायकोले सांग, माह्यी भाकर टाकू नको म्हणा." एक अबोला मिटला आणि दुसऱ्याच दिवशी नवा सुरू झाला. आमच्या घरात ही जागा रिकामी ठेवायची पद्धत नसावी.

मलाही राग होता, खोटं कशाला बोलू. चांगलं केलं तर हे फळ. पण रागापेक्षा वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बुधवारी संध्याकाळी पीठभरल्या हातानं मी गप राहिले, तिथंच बोलले असते तर काकूंनाही समजलं असतं आणि हेलपाटाही वाचला असता. खरं बोलायलासुद्धा वेळ असते, आणि मी ती चुकवली होती.

घरी पोचलो तर काकू ओसरीवरच. "इतक्यात झालं?"

"मशीन बंद व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "सोमवारी बलावलं." या वेळी मी गप बसले. काकू मग रोज संध्याकाळी किटली घेऊन यायला लागल्या. शुक्रवारी आल्या, शनिवारी आल्या. दोघी तास तास बसायच्या, नऊ वर्षांचं साचलेलं बोलायच्या. मी आतून ऐकायची आणि रविवारला किती दिवस उरले ते मोजायची.

रविवारी काकू आल्या तेव्हा मी मुद्दाम आतच राहिले. जीभ दाताखाली धरून बसले म्हणा ना.

"घ्या बाई, आज गवती चहा टाकला," काकूंचा आवाज आला.

"नाही पेत," आत्याबाई म्हणाल्या.

"काऊन? काय चुकलं माह्यं?" काकूंचा आवाज लगेच बदलला.

"तुह्यं काही नाही चुकलं वं. मशीन-बिशीन काही बंद नव्हती. चहा पेऊन तपासणी चालत नाही, अन् थे मले माहीत व्हतं. त्या दिवशी पेला म्हणून वापस आलो."

"मंग पेला काऊन तुम्ही?"

"तू नऊ वर्सांनं आली," आत्याबाई म्हणाल्या. "तुले नाही म्हणू का मी?"

मी दाराशी आले तेव्हा काकू किटलीकडे पाहत बसल्या होत्या. मग उठल्या, सगळा चहा मोरीत ओतला, किटली विसळून पालथी घातली. "आता तुमची तपासणी होईपावतर मीबी नाही पेत," म्हणाल्या. "अन् उद्या मी येतो संगं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुले माहीत व्हतं ना? मले येऊन सांगायचं व्हतं वं पोरी. मी काय खाल्लं असतं तुले?" मी मान खाली घातली. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

सोमवारी चौघं निघालो. या वेळी कपाळाला फडकी बांधलेल्या दोन बायका गाडीत होत्या. केंद्रात तीच मुलगी. तिनं तोच प्रश्न विचारला, आत्याबाई "नाही" म्हणाल्या, आणि मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली तेव्हाच तिनं खूण केली.

औषध चार-पाच मिनिटं चालतं. मला दारातल्या काचेतून दिसत होतं. आत्याबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी तोंड उघडून श्वास घेतला. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. नंतर कळलं की कसं वाटतंय असं विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, "कोणी छातीवर पाटा ठेवून राह्यलं." त्यांचा मोकळा हात चादरीवर काहीतरी शोधत होता. त्या मुलीनं तो हातात धरला. मला वाटत होतं आत जावं आणि तो हात आपण धरावा. जाऊ देत नव्हते. मी काचेला कपाळ लावून रडले आणि मागं बसलेल्या काकूंना कळू नये म्हणून नाक ओढलं नाही.

द्रव्य टोचून झाल्यावर त्यांना बाहेर आणलं. फोटोला तासभर होता, तोवर काहीतरी तुपातेलाचं खा, म्हणजे फोटो साफ येतो, असं सांगितलं. दोन वर्षं तेलतूप बंद असलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा. काकूंनी पिशवीतून डबा काढला. आत तळलेल्या बिबड्या होत्या. आत्याबाईंनी एक मोडली, खाल्ली, विचार केला.

"यंदा खार कमी पडला तुह्या हातून," म्हणाल्या.

काकू इतक्या हसल्या की शेजारचे पेशंट वळून पाहायला लागले. मुलगी सांगायला आली की आज आजींपासून लहान लेकरं आणि गरोदर बायका लांब ठेवा, अंगात थोडे किरण आहेत. "मंग आपल्याले काही भेव नाही," काकू म्हणाल्या आणि आणखी जवळ सरकल्या.

आठवड्यानं हृदयाच्या डॉक्टरांनी फोटो दाखवले. वर औषधानंतरचे, खाली औषधाआधीचे, विश्रांतीतले. खालच्यांत रंग सगळीकडे भरलेला होता. वरच्यांत हृदयाचा पुढचा भाग फिका. "इथं ताण आला की रक्त कमी पडतं," डॉक्टर म्हणाले. "आधी अँजिओग्राफी. बहुतेक स्टेंट लागेल."

"अन् गुडघे?" आत्याबाईंनी विचारलं.

"स्टेंट टाकला तर वर्षभर थांबावं लागेल."

आत्याबाई हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई मला जन्मात माफ करणार नाही. त्या गुरुवारी मी गप बसले असते तर पुढच्या महिन्यात गुडघे मिळाले असते त्यांना. तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "साहेब, पहिल्यांदा यांनी चहा घेतला होता. तशीच केली असती तपासणी तर?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातले. "तर फोटो कदाचित चांगला आला असता," म्हणाले. "आणि ऑपरेशन करायला हरकत नाही असं मी लिहून दिलं असतं."

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, नवऱ्याचा नाही, आणि गाडीपर्यंत सोडला नाही. घरी येऊन म्हणाल्या, "माह्यी भाकर टाक वं." ती चांगली फुगली नाही तेही सांगितलं.

गुडघे मग वर्ष उलटल्यावर झाले, दोन्ही, आणि आता त्या बाजाराचा दिवस असो नसो, माझ्या आधी घराबाहेर पडतात. पण मला सांगायचं आहे ते स्टेंटच्या सकाळचं. त्यांना हिरवे कपडे घालून स्ट्रेचरवर घेतलं होतं. नर्स संमतीचा कागद घेऊन आली. जिवाला धोका वगैरे सगळं त्यात लिहिलेलं असतं. जवळचं माणूस कोण म्हणून विचारलं, तर नवरा पेन काढून पुढं झाला.

"थो नको," आत्याबाई म्हणाल्या. "सुनेले करू द्या सही."

"आई, मी हाव ना," नवरा म्हणाला. त्याला लागलं ते.

"तू मले बरं वाटावं म्हणून सही करशीन," त्या त्याला म्हणाल्या, अगदी मायेनं, त्याच्या हातावर हात ठेवून. "थे मी जगावं म्हणून करते."

मी पेन घेतलं. नात्याच्या जागी 'सून' लिहिलं. पुढचं काही दिसेना, तेव्हा नवऱ्यानं बोट ठेवून जागा दाखवली आणि मी सही केली.